पखवाज आणायला निघालेली सहल

मे महिन्यात आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. एरवी नगरच्या बाजारात वाद्यांचं दुकान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं पत्ता विचारायची जागा. पण उन्हाळा लागला की गावोगावचे सप्ताह, जत्रा आणि लग्नं एकदमच अंगावर येतात. कर्जतकडून कुणी ढोलकीला कातड्याचं नवं पान चढवून घ्यायला येतो, चर्चच्या सुट्टीतल्या शाळेला पेटी दुरुस्त करून हवी असते, कुणाचा टाळ फुटलेला असतो, कुणाच्या नातवाला गिटार हवी असते. सगळ्यांना आजच हवं असतं. मी सगळ्यांना 'उद्या' सांगतो आणि उद्या उगवला की पाठीमागच्या दारानं चहाला जातो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला एकही वाद्य वाजवता येत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, 'जरा वाजवून दाखवा,' की मी गंभीर चेहरा करून म्हणतो, "तुम्हीच वाजवा. तुमच्या हाताला बसलं पाहिजे ना!" लोकांना वाटतं, केवढा जाणकार माणूस.

आमच्या घरात वाजवता येतं ते बायकोला. लग्न होऊन आली तेव्हा तिला टाळसुद्धा धरता येत नव्हता. गल्ल्यावर बसून बसून, येणाऱ्या बुवांना विचारून विचारून ती पखवाज शिकली. आता आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या भजनी मंडळाचा पखवाज तिच्याकडे आहे. हे मंडळ इतकी वर्षं हळदीकुंकवापुरतं होतं. देवळाच्या वर्धापनदिनाला पुरुषांचं भजन व्हायचं आणि बायकांनी प्रसाद वाटायचा. गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्यांना शनिवारी संध्याकाळी भजनाची बारी मिळाली. व्यवस्थित, माईकसकट, पुरुषांच्या आधी.

तेव्हापासून बायकोचं एकच पालुपद. "अहो, माझे हात थरथरले तर?"

"घरात थरथरतात का?"

"घरात तुम्हीच असता ऐकायला. तुमच्यापुढं काय थरथरायचं?"

त्या शनिवारसाठी तिनं आपला पखवाज माझ्याकडे दिला. वाद्या ताणून, बायकांच्या पट्टीला लावून द्या म्हणाली. मी काम करून घेतलं आणि पखवाज मरून कव्हरात घालून दुकानात ठेवला. पखवाजांची कव्हरं बायकोच शिवते, आणि सगळी मरूनच असतात, कारण मी एकदा स्वस्तात मिळाला म्हणून त्या कापडाचा अख्खा तागा उचलून आणला होता. ती म्हणाली होती, "माझ्याला वेगळं कापड घेते, घोळ नको." मी म्हणालो होतो, "काही गरज नाही. मी नुसता हात लावून सांगतो कुठला कुणाचा."

त्याच आठवड्यात सुप्याहून ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. बरोबर दाजी आणि तिची दोन पोरं. दाजी सुप्याच्या एमआयडीसीत मशीनवर असतात. वर्षातून एकदा रजा मिळते ती आमच्याकडे काढतात. मी फॅमिली ग्रुपवर आधीच जाहीर करून बसलो होतो, 'रोज एक धमाल!' पुढे टाळ्यांची चित्रं टाकली होती. दुकान भरलेलं असताना ही धमाल करणार कधी, याचा विचार मी केला नव्हता. मी उत्साहात असलो की विचार मागून येतो, आणि बऱ्याचदा येतच नाही.

मंगळवारची धमाल म्हणजे पॉटचं आइस्क्रीम. दुकानाच्या मागंच आमचं घर. मागच्या ओट्यावर लाकडी पॉट मांडला, बर्फ फोडला, मीठ टाकलं आणि मी हँडल फिरवायला बसलो. दोन्ही भाचे आणि माझी मुलगी वाट्या-चमचे घेऊन समोर. ताई म्हणाली, "अरे, साधा पेरू सुरीनं कापता येत नाही याला, आणि हा आइस्क्रीम करतोय!"

"बघत राहा ताई."

आणि नेमकं आइस्क्रीम घट्ट व्हायला लागलं, हँडल जड झालं, तेव्हाच दुकानासमोर टेम्पोचा हॉर्न. नेवाशाकडच्या एका गावाचे लोक होते. त्यांचा सप्ताह सुरू झाला होता, पखवाज माझ्याकडे दुरुस्तीला होता आणि त्यांना अंधाराच्या आत गावाला पोचायचं होतं. मी ओरडलो, "फिरवत राहा रे, थांबू नका!" आणि कोपरापर्यंत खारट पाणी गळत असलेल्या हातांनी दुकानात धावलो. मरून कव्हर उचललं, टेम्पोत दिलं, नमस्कार केला, परत धावलो. आइस्क्रीम उत्तम झालं. थोडं खारट होतं, पण पोरांनी पॉट चाटून पुसून ठेवला.

बुधवारी सकाळी बायको म्हणाली, "आज सराव आहे. माझा पखवाज घरात आणून ठेवा."

मी ऐटीत कव्हराची नाडी सोडली. आत खोडावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, जाड अक्षरांत, त्या गावाचं नाव आणि खाली 'भजनी मंडळ'.

मी नाडी परत बांधली. अगदी सावकाश बांधली.

"काय झालं?" बायकोनं आतून विचारलं.

"काही नाही. वाद्या अजून बसायच्यात. दोन दिवसांत देतो."

"अहो, शनिवारी बारी आहे!"

"अगं, दुकान कुणाचं आहे?"

त्या दिवशी बायकांनी नुसत्या टाळांवर सराव केला. मी तेवढ्यात त्या गावच्या मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. पलीकडे भोंगा, टाळ आणि शंभर गळे.

"अध्यक्ष, पखवाज—"

"लई झ्याक झालाय शेट! रंगवून नाव बी काढून टाकलं तुमी, कायबी हरकत न्हाई! आवाज काय निघतोय!"

"अहो, तो आमचा—"

"तुमचाच आशीर्वाद हाय! ऐकू येत न्हाई! सप्ताह संपला की रविवारी येतो!"

रविवारी. शनिवार संध्याकाळची बारी, आणि पखवाज येणार रविवारी. दुसरा कुठलाही पखवाज देऊन चाललं असतं का? चाललं नसतं. हात त्याच कातड्याला सरावलेला असतो, हे मी रोज लोकांना ऐकवतो. तिथं जाऊन बदलून आणणं एवढाच उपाय होता. पण ऐन हंगामात दुकान सोडून एकटाच नेवाशाकडे निघालो तर बायको दुसऱ्या मिनिटाला विचारणार, कशाला. मग माझ्या डोक्यात वीज चमकली. अशी वीज चमकली की बायको घाबरते, पण तिला ती दिसली नाही.

"उद्या सहल!" मी रात्रीच्या जेवणात ताट वाजवून जाहीर केलं. "प्रवरेकाठी! सगळे!"

पोरांनी असा गोंगाट केला की मलाच खरं वाटायला लागलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. "आणि दुकान?"

"मी बसतो की," दाजी म्हणाले. त्यांना रजेत करमत नव्हतं. "मशीन काय आणि पेटी काय, सारखंच."

ताईनं बायकोला सांगितलं, "याला ऊन लागलंय का बघ गं. कांदा फोडून दे हुंगायला."

गुरुवारी सकाळी आमची व्हॅन निघाली. गावाचा पखवाज मी मागच्या बाजूला सतरंजीखाली घातला होता आणि त्यावर पोरं बसवली होती. माझी योजना सोपी होती. यांना नदीकाठच्या सावलीत सोडायचं, 'थंड पाणी घेऊन येतो' म्हणायचं, गावात जायचं, अदलाबदल करायची, परत यायचं. कुणाला पत्ता नाही.

घोडेगावच्या पुढे रसवंतीवर थांबलो. चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती आणि बायको त्या ठेक्यावर टेबलावर बोटं मारत होती. किती दिवसांनी ती अशी खुशीत दिसत होती! मला म्हणाली, "खरंच, मला वाटलं नव्हतं तुम्ही दुकान सोडून याल." मी उसाचा रस घशात अडकवून घेतला.

नेवाशाकडे वळलो. दोन्ही बाजूंना ऊस, लांब देवळाचा कळस आणि त्याच्यावरचा भोंगा दिसायला लागला. नामाचा गजर चालू होता. वाऱ्याबरोबर आवाज यायचा, जायचा. पोरं मागं ओरडून गाणी म्हणत होती.

"गप्प बसा रे," बायको एकदम म्हणाली. मग मला, "गाडी थांबवा."

मी थांबवली.

ती खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकत राहिली. तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. "हा माझा पखवाज आहे."

"काहीतरीच काय! पखवाज सगळे सारखेच—"

वाद्यांच्या दुकानदाराच्या तोंडून हे वाक्य निघालं. मलाच ते ऐकून लाज वाटली. तेवढ्यात मागून धाकटा भाचा सतरंजी उचलून म्हणाला, "मामी, इथं पण एक आहे. यावर गावाचं नाव लिहिलंय."

ताईनं पदर तोंडाला लावला. हसत होती ती, खांदे हलत होते. बायको हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं की भीतीचं, हे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"सहल म्हणे," ती म्हणाली. "चला. घ्या गाडी गावात."

देवळापुढं मोठा मांडव होता. आत वीसेक माणसं टाळ घेऊन उभी, मधे एक तरुण पोरगा बायकोचा पखवाज पुढ्यात घेऊन वाजवतोय, आणि त्याच्या समोर एक म्हातारे आबा गळ्यात वीणा अडकवून उभे. आबांनी मला बघितलं. मी नमस्कार केला.

"या माउली! या!" आबांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि कानाशी तोंड आणलं. "जरा इना धरता का? आलोच मी."

म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी वाकून पाया पडलो, त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली, माझ्या पाया पडले आणि मांडवाबाहेर नाहीसे झाले.

सप्ताहातली वीणा सातही दिवस जमिनीला टेकत नाही. एकानं घेतली की दुसरा येऊन घेईपर्यंत त्यानं उभं राहायचं, तार छेडत राहायची. हे मला माहीत नाही असं नाही. हाच नियम सांगून मी वीणा विकतो. 'पट्टा मऊ घ्या, तासन्‌तास गळ्यात असतो,' असं प्रत्येकाला सांगतो. या गावानं माझं न ऐकता स्वस्तातला, कडक पट्टा घेतला होता. आता तो माझ्याच मानेत रुतत होता.

मी उभा. मला बोलता येईना, हलता येईना. बायको त्या तरुणाजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "दादा, हा पखवाज माझा आहे. तुमचा आम्ही आणलाय. चुकून बदलला."

तो वाजवता वाजवताच म्हणाला, "ताई, थांबता यायचं न्हाई! ठेका तुटंल! माझ्या जोडीचा लग्नाला गेल्ता, अजून आला न्हाई. सकाळधरनं एकटाच हाय." त्याच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या आणि गळा पार बसला होता. गाणारेही घामाघूम झाले होते. बायकांच्या पट्टीला लावलेल्या पखवाजावर हे बाप्ये दोन दिवस चढून चढून गात होते. "तुमाला येतं का?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी वीणेमागून मान हलवली. तिनं आपल्या हातांकडे बघितलं. ते थरथरत होते. मला उभ्या जागेवरून दिसत होतं.

मागून ताई म्हणाली, "येतं तिला. लई चांगलं येतं."

टाळकऱ्यांतला एक जण कुरकुरला, "बाईमाणूस..." त्यावर तो वाजवणारा पोरगाच भडकला. "मग तू वाजीव की! ये इकडं, बस!" टाळकरी एकदम मोठ्यानं गायला लागला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हाच तो खालचा घुमणारा आवाज निघतो. भाचे मंदिरामागच्या चुलीकडे पळाले. सप्ताहाचा स्वयंपाक चालला होता तिथं. दोघांनी मिळून उचलून आणला तो गोळा बघून मला वाटलं, गावाची पंगत आज उपाशी राहणार. बायकोनं त्यातली मूठभर घेतली, पाण्यानं थापली, ताईनं गाडीतून आणलेला गावाचा पखवाज पुढ्यात ओढला आणि त्या पोराच्या शेजारी मांडी घातली. थोडा वेळ ती नुसती त्याच्या हाताकडे बघत होती. मग हलक्या हातानं त्याच्या ठेक्यात शिरली. एक आवर्तन दोघं बरोबर वाजवत होते. मग त्यानं हात उचलले.

ठेका तुटला नाही.

पोरगा मागं सरकून खांबाला टेकला आणि म्हणाला, "पानी द्या रं कुनीतरी!" बायकोचा पखवाज ताईनं तिथून उचलला आणि लेकरासारखा मांडीवर घेतला. आणि भोंग्यातून माझ्या बायकोचा हात सगळ्या शिवारात जायला लागला. गाणाऱ्यांचेही गळे खाली उतरले, मोकळे झाले. पट्टी आपली झाली ना त्यांची! तो कुरकुरणारा टाळकरी तर टाळ वाजवत गोल फिरायला लागला. मी तार छेडत होतो. चुकीच्या वेळी छेडत असेन, पण त्या आवाजात ते कुणाला कळतंय? माझ्या अंगावर काटा आला होता, मानेतल्या पट्ट्यासकट.

पोरांना आता कोण आवरणार? गावातल्या पोरांनी त्यांना शेजारच्या मळ्यात नेलं. मोटार चालू होती, हौद तुडुंब होता. मांडवाच्या कनातीमधल्या फटीतून मला ते दिसत होतं. हौदातून ओली डोकी वर यायची, खाली जायची. कुणीतरी पाटीभर आंबे आणले. माझी मुलगी कोपरापर्यंत आमरसानं माखलेली, हौदाच्या कडेवर बसून मला हात करत होती. मी ठरवलेल्या सगळ्या धमालींपेक्षा मोठी धमाल माझ्यासमोर चालली होती आणि मी एकटा तिच्यात नव्हतो.

माझ्या खिशात फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. मुलगी ओल्या पायांनी आली, खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

"आत्तोबा, पप्पा नाही बोलू शकत. उभे आहेत." मग माझ्याकडे वळून, "पप्पा, आत्तोबा विचारतायत, ढोलकीचं कुठलं तोंड वरचं असतं?"

मी मान हलवली. दोन्ही बाजूंना.

"पप्पा म्हणतायत, कुठलंच नाही." ती ऐकत राहिली. "आत्तोबा म्हणतायत, बरं, तसंच सांगतो."

दाजींनी त्या दिवशी तसंच सांगितलं आणि ढोलकी विकलीही. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं म्हणे. अजून परत आलेलं नाही.

आबा आले तेव्हा उन्हं कलली होती. तोंड धुतलेलं, नवी टोपी, चेहरा टवटवीत. "माउली, झोप लई ग्वाड लागली," म्हणाले आणि माझ्या पाया पडून वीणा घेतली. त्याच सुमारास तो लग्नाला गेलेला जोडीदारही उगवला. बायकोनं एक आवर्तन त्याच्याबरोबर वाजवलं आणि हात उचलले. अध्यक्षांनी तिला नारळ दिला. मला त्यांनी विचारलं, "शेट, आपलं नाव खोडावर परत लिहून आनलं व्हय? बरं झालं!" मी 'व्हय' म्हणालो.

परतीच्या वाटेवर पोरं सतरंजीवर एकमेकांवर पडून झोपली. बायकोनं आपला पखवाज मांडीवर घेतला होता आणि ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मी दोनदा घसा साफ केला.

"हात थरथरले का?" शेवटी मी विचारलं.

"आधी थरथरले." ती पखवाजावर हात ठेवून बसली होती. "मग बघायला वेळच नाही मिळाला." थोड्या वेळानं म्हणाली, "याला मी निळं कव्हर शिवणार आहे. आणि तुम्ही हात लावून काही सांगायचं नाही."

मागून ताई म्हणाली, "आणि याच्या मानेला हळद लाव गं."

शनिवारी संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं. समोर दोन गिऱ्हाइकं होती. मी शटर ओढत म्हणालो, "बायकोची बारी आहे. ऐकायला या, नाहीतर सोमवारी या." दोघंही आली. कॉलनीच्या देवळात बायका रांगेत बसल्या होत्या, माईक लावलेले, आणि बायकोच्या पुढ्यात निळ्या कव्हरातून निघालेला तिचा पखवाज. डाव्या तोंडाला कणीक थापताना तिचे हात मी बघत होतो. मला तरी स्थिर दिसले.

तेवढ्यात गडबड झाली. मंडळात वीणा घेऊन उभ्या राहणाऱ्या काकूंचा पाय दुपारी मुरगळला होता. त्या खुर्चीत बसून होत्या. वीणा कुणी घ्यायची यावर कुजबुज सुरू झाली. पुरुष मंडळींनी आधीच घड्याळाकडे बघायला सुरुवात केली होती. बायकोनं मान वर केली. तिला माईक चालू झालेला माहीत नसावा. किंवा माहीत असावा.

"आमच्या ह्यांना द्या," तिचा आवाज भोंग्यातून सगळ्या कॉलनीत गेला. "त्यांना सवय आहे."

लोक हसले. माझे दोन्ही भाचे शिट्ट्या मारायला लागले. मी चप्पल काढली, कॉलर वर करून मान झाकून घेतली, काकूंच्या पाया पडलो आणि वीणा गळ्यात घातली. बायकोनं माझ्याकडे बघितलं, डावा हात उचलला आणि पहिली थाप दिली.